चौऱ्याहत्तर मिनिटांवरची लेक

हेमांगीच्या रविवारांना संध्याकाळ नसे.

साडेपाचला मोप्याच्या विमानतळावरून झेप नावाचं रॉकेट-विमान सुटायचं तेव्हा ऊन कलतं झालेलं असे. खिडकीतून समुद्र पिवळा दिसे, माणसाला वाटे आता घटकाभरात दिवेलागण. आणि मग ते ऊन मागे फिरायला लागे. संध्याकाळची दुपार होई, दुपारची सकाळ होई. निघालेल्या सूर्याला काहीतरी आठवावं आणि तो उलट्या पावली घरात शिरावा, तसं. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा तिने नकळत हात जोडले होते. हॅलिफॅक्सला उतरावं तर तिथे सकाळचे सव्वादहा. लेकीजवळ दोन तास बसावं, परतीची झेप धरावी, आणि मोप्याला पाय ठेवावा तर काळोख पडून कितीतरी वेळ झालेला. मावळता दिवस तिला दोन वर्षांत एकाही रविवारी भेटला नव्हता.

वेंगुर्ल्यात परुळेकरांचं तिकिटांचं दुकान होतं. हेमांगीचा नवरा अजित ते चालवी. दुकानातल्या पाटीवर दूरदूरच्या विमानतळांची अंतरं आणि लागणारा वेळ लिहिलेला असे. हॅलिफॅक्सपुढे बारा हजार वीस किलोमीटर. हा आकडा कधी बदलला नाही. त्याच्यापुढचा मात्र अजितने दोनदा पुसला: आधी बावीस तास, मग नऊ, आणि आता चौऱ्याहत्तर मिनिटं.

झेप कशी जाते हे तो गिऱ्हाइकांना शहाळं हातात घेऊन समजावी. शहाळ्यावर दोन टिंबं काढायची आणि त्यांच्यामध्ये दोरा ताणून धरायचा. मग कळे की सपाट नकाशावर पश्चिमेला वाटणारी वाट खरं तर उत्तरेकडून जाते, रशियावरून, नॉर्वेवरून. गोलावर तीच जवळची. झेप आधी साध्या विमानासारखी उठते. मग रॉकेट पेटतं आणि तिला हवेच्या वर नेऊन सोडतं. तिथे अडवायला काही नाही. भाकरीसारखी चपटी खापरी पाण्यावर मारली की टप्पे खात जाते ना, तशी ती हवेच्या पापुद्र्यावर टप्पे खात पृथ्वीच्या पलीकडे घसरत जाते. सेकंदाला चार किलोमीटर.

घरात मालवणी बोले तो अजितच. बायकोला चिडवायची संधी तो सोडत नसे. म्हणे, अगो, वेंगुर्ल्यासून मोप्याक पोचाक लागता तेवढ्या वेळात हॅलिफॅक्स, मग मधी ह्यो मोपा कशाक व्हयो? स्वतः मात्र तो झेपेत एकदाच बसला होता, आणि वजन नाहीसं झाल्यावर त्याने जे डोळे मिटले ते उतरेपर्यंत उघडले नाहीत. "तू जा," तो म्हणे. "घराचा तू एस्टी स्टँड केलंसच हा, मी हंय कंट्रोलरच्या खुर्चीत बसतंय."

लेक ईशानी एकुलती एक. ती तिथल्या विद्यापीठात समुद्राच्या प्रवाहांवर काम करी. जावई डॅनियल संशोधनाच्या जहाजावर असे, महिना महिना पाण्यात. बावीस तासांच्या काळात ईशानी दोन वर्षांतून एकदा यायची, पण आली की महिनाभर राहायची. तिचे कपडे दोरीवर वाळायचे, तिची पुस्तकं उशाशी साचायची. झेप सुरू झाली तशी ती महिन्यातून दोनदा यायला लागली, आणि जाताना खुर्चीवर काढून ठेवलेली ओढणीसुद्धा आठवणीने उचलून न्यायची. गर्भार राहिल्यावर तिला झेप बंद झाली, कारण रॉकेट पेटतं तेव्हा छातीवर तिघं जण बसल्यासारखा भार येतो. हेमांगी आधीपासून रविवारी जातच होती; आता तेवढेच रविवार उरले.

दोन तास म्हणजे काय, तर पहिली दहा मिनिटं सामान काढण्यात आणि शेवटची वीस घड्याळ पाहण्यात. मधल्या वेळात दोघी इतक्या गोड वागत की हेमांगीला कधी कधी आपण कुणाच्या तरी हळदीकुंकवाला आलोय असं वाटे. चहा घेणार ना. अगदी थोडा. तब्येत बरी ना. छान आहे.

ह्या गोडव्याच्या खाली काय होतं ते दोघींनाही ठाऊक होतं.

तीन वर्षांपूर्वी, झेप नव्हती तेव्हा, हेमांगी लेकीकडे दोन महिने राहायला गेली होती. ईशानीला तेव्हा तिसरा महिना होता. त्यात संकष्टी आली. हेमांगीने वेंगुर्ल्याच्या घरातलं भिंतीवरचं कॅलेंडर घडी घालून सोबत नेलं होतं. त्यात चंद्रोदयाची वेळ छापलेली. हॅलिफॅक्सला आभाळ भरून आलेलं, चंद्र दिसायची आशा नव्हती. तिने छापलेली वेळ पाहिली, नैवेद्य दाखवला आणि उपास सोडला. ती वेळ कोकणातली आहे, इथला चंद्र अजून समुद्राखालीच आहे, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा पान संपलं होतं. आणि तिसऱ्या दिवशी ईशानीचं मूल गेलं.

दवाखान्यातून घरी आलेल्या लेकीला जवळ घेऊन ती रडत म्हणाली होती की माझी चतुर्थी चुकली गं, म्हणून हे झालं. ईशानीने तिचे हात बाजूला केले होते. हेमांगी अकरा दिवस आधीच परत आली. पाच महिने फोन नव्हता. मग झेप सुरू झाली, दोन दोन तासांच्या भेटी सुरू झाल्या, आणि तो विषय कुणी काढला नाही. दोन तासांत तो मावण्यासारखाही नव्हता.

ह्या खेपेला आषाढी एकादशीपासून हेमांगीने नक्त धरलं होतं. दिवसभर काही खायचं नाही, संध्याकाळी आभाळात तारा दिसला की हात जोडायचे आणि एकदाच जेवायचं. लेकीची सुटका होईपर्यंत. ईशानीला तिने सांगितलं ते अगदी सहज, जसं काही वजन कमी करायला धरलंय. ईशानीही एवढंच म्हणाली, पाणी पीत जा.

श्रावणातल्या तिसऱ्या रविवारी झेपेत तिला अशक्तपणा वाटत होता. आदल्या रात्री भात नीट गेला नव्हता. रॉकेट विझलं, छातीवरचा भार उतरला आणि सगळं हलकं झालं. पदर आपोआप वर उठला, तो तिने हाताने दाबून धरला. त्या दिवशी तिला सावलीकडची खिडकी मिळाली होती. तिने बाहेर पाहिलं. खाली पृथ्वीची निळी कड लखलखत होती, भर उजेड होता, आणि वर आभाळ काळंभोर. त्या काळ्यात एक तारा. लुकलुकत नव्हता, नुसता होता, समईच्या ज्योतीसारखा स्थिर.

तिने विमानातल्या मुलीला बोलावून विचारलं, हा खराच तारा ना. मुलगी कुडाळकडची होती. तिने काकूंना समजावून सांगितलं की तारे दिवसाही असतातच. आपल्याकडची हवा सूर्याचा उजेड सगळीकडे उधळते, त्या निळ्या उजेडात ते बुडून जातात. इथे उधळायला हवाच नाही.

हेमांगीला भरून आलं. अशक्त बाईसाठी देवाने दुपारी तारा दाखवला असंच तिला वाटलं. तिने नमस्कार केला, डब्यातली दशमी काढली आणि गुळाबरोबर खाल्ली. दोन कण हातातून सुटून तरंगत निघाले, ते त्या मुलीने हसत हसत रुमालात धरले.

ईशानीला हे ऐकून फार मजा वाटली. ती म्हणाली, आई, दोन हजार वर्षांच्या व्रतात तू पळवाट काढलीस. कितीतरी दिवसांनी ती मोकळं हसली. पोटावर हात ठेवून हसली. हेमांगी त्या हसण्यासकट घरी आली.

सोमवारी पूजा करताना मात्र तिचा हात थांबला. फुलं वाहून झाली तरी मन बसेना. तिने पूजापाठ सांगणाऱ्या आठल्ये गुरुजींना फोन लावला. गुरुजी आता नव्वदीचे, ऐकायला कमी येई. त्यांना सगळं दोनदा सांगावं लागलं. ते रागावले नाहीत. तारा कुठल्या दिशेला होता, केवढा होता, लुकलुकत का नव्हता, हे त्यांनी कौतुकाने विचारून घेतलं.

"तारा खराच हो," ते शेवटी म्हणाले. "पण नक्त ताऱ्याचं नसतं, दिवसाचं असतं. तारा म्हणजे दिवस पुरा झाल्याची खूण. तुमचा दिवस पुरा झाला होता का?"

तिने फोन ठेवला आणि देवघरापुढे बसून राहिली. म्हणजे पुन्हा तेच. एका गावची वेळ दुसऱ्या गावात लावली. तेव्हा कॅलेंडर पाहून, आता खिडकीतून पाहून.

आणि दुपारी ईशानीचा फोन आला. रक्तदाब वाढलाय, पाय सुजलेत, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय. घाबरू नकोस, ती म्हणाली. मी सगळं ठरवलंय. तिने आईसाठी तीस पासांचा संच मागवला होता. बाळंतपणाच्या महिन्यात आईने रोज दोन तास येऊन जावं, बाकी वेळेला तिथली एक बाई ठेवलीय. म्हणजे तुलाही घर सोडायला नको, तुझे देव आहेत, बाबा आहेत.

रक्तदाब रविवारीच वाढला का, किती वाजता, हे विचारायला हेमांगीची जीभ वळवळली. तिने ती दाताखाली धरली.

साठीपुढच्या प्रवाशांना झेपेचे जास्त पास हवे असले तर विमानतळावरच्या डॉक्टरांना भेटावं लागे. डॉक्टर तरुण होती, शिरोड्याची, मऊ बोलणारी. तिने हेमांगीला रोजची ये-जा करू देणार नाही असं सरळ सांगितलं. म्हणाली, माणसाच्या अंगात एक घड्याळ नसतं, पुष्कळ असतात. काळजाचं वेगळं, यकृताचं वेगळं, आतड्यांचं वेगळं. डोळ्यात शिरणारा सकाळचा उजेड मेंदूला वेळ सांगतो आणि मेंदू बाकीच्यांना. तुम्ही संध्याकाळी निघून सकाळच्या उजेडात उतरता आणि दोन तासांत काळोखात परत येता. मेंदू गोंधळतो, बाकीच्यांना तर काही कळवलंच जात नाही. दुसऱ्या गावाला पोचायला शरीराला आठवडा लागतो, ताई. तुम्ही दोन वर्षं जाताय, पण तुमचं शरीर अजून एकदाही हॅलिफॅक्सला गेलेलं नाही.

हेमांगी हे ऐकून हसली की रडली, ते त्या डॉक्टरला कळलं नसावं.

मोप्याहून परत येताना रस्त्यात गुरं आडवी बसली होती, गाडी थांबली. हेमांगी पश्चिमेकडे बघत बसली. आभाळ हळूहळू केशरी होत गेलं, मग जांभळं, मग राखाडी. घाई कशालाच नव्हती. ह्या सगळ्याला केवढा वेळ लागतो, हे ती विसरूनच गेली होती.

घरी येऊन तिने अजितला सांगितलं की मी जाते आणि राहते. तीन महिने, लागले तर चार. तिला वाटलं होतं तो काहीतरी खोडी काढील. पण त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि देवाला कुठली फुलं चालतात, कुठली नाही, ते कागदावर लिहून मागितलं. मग ईशानीला फोन झाला. हेमांगीने पास परत कर म्हणून सांगितलं.

"परतीचं तिकीट कधीचं आहे?" ईशानीने विचारलं.

"काढलेलं नाही."

"आई, मागच्या वेळी..."

"हो. म्हणूनच."

बुधवारी ती झेपेत बसली. आभाळ काळं झालं तेव्हा तिने खिडकीची झडप ओढून घेतली.

पहिले दोन दिवस शरीर कुठल्याच गावाला नव्हतं. भर दुपारी डोळे मिटत, पहाटे दोनला भूक लागे. ईशानी पडून राही, हेमांगी घरभर पाय न वाजवता फिरे. रक्तदाब मोजायला नर्स यायची, आकडे थोडे खाली येत होते. श्रावण असला तरी तिथे उन्हाळा. दिवस लांबच लांब, आठ वाजून गेले तरी उजेड हटायचा नाही. हेमांगी मागच्या पायऱ्यांवर बसून वाट पाही. समोर मेपलची झाडं, त्यांच्यापलीकडे खाडीचं पाणी. वेंगुर्ल्याला दिवस पडदा टाकल्यासारखा संपतो. इथे तो उंबऱ्यात उभा राहून गप्पा मारणाऱ्या पाहुण्यासारखा निघतो म्हणतो आणि निघत नाही. पोटात भूक असूनही तिला त्या वेळेचा लळा लागला. पाखरं गप्प होत. शेजारची बाई कुत्र्याला हाक मारी. पाण्यावरचा उजेड एकेक घडी दुमडत जाई. तिला वाटे, आपलंही काही तरी आत दुमडलं जातंय, जागेवर जातंय.

तिसऱ्या दिवशी दोघी जरा जरा भांडायला लागल्या. आधी निरांजनावरून, कारण धुराच्या भोंग्याने सगळी गल्ली जागी केली. मग खिडकीवरून. एकीला ती उघडी हवी, एकीला बंद. मग अळिवाच्या लाडवावरून, जो ईशानीने एक घास खाऊन बशीखाली लपवला होता. संध्याकाळ होता होता ईशानी पायऱ्यांवर येऊन आईशेजारी बसली. सुजलेले पाय तिने पुढच्या पायरीवर सोडले. हेमांगीने पाहिलं की आता कुणालाच घड्याळ बघायचं नाही. मग तिने सांगून टाकलं. त्या ताऱ्याबद्दल गुरुजी काय म्हणाले ते, आणि रक्तदाब वाढल्याचं ऐकून मनात काय आलं तेही.

ईशानी हळूहळू वळली. "पुन्हा तेच, आई?"

हेमांगीने होकारार्थी मान हलवली.

"तेव्हा मी रिकामी होऊन घरी आले, आणि तू मला तुझ्या चतुर्थीचं सांगत बसलीस. मूल माझं गेलं होतं. रडायचं मी होतं. तू ते माझ्याकडून काढून घेतलंस आणि स्वतःच्या उपासात घातलंस."

"कुणाचा तरी दोष असल्याशिवाय मला ते सोसेना," हेमांगी म्हणाली. "देवाला द्यायची हिंमत नव्हती. तुला कसा देऊ? मग मी घेतला."

"आणि माझ्यासाठी काय ठेवलंस?"

ईशानी बोलत राहिली. तीन वर्षांचं बोलली. फोन न केलेल्या पाच महिन्यांत तिने रोज फोन हातात घेतला होता, ते बोलली. रविवारच्या दोन तासांसाठी ती शनिवारी घर आवरायची आणि चेहराही आवरायची, आणि आई गेल्यावर सोफ्यावर पडून राहायची, ते बोलली. तिचा आवाज चढला, शेजारचं कुत्रं भुंकलं. हेमांगीने एकदाच मध्ये तोंड घातलं, मीही आवरायचे म्हणून, तर ईशानी म्हणाली की आता माझं चाललंय ना. मग ती थकली. पोटातल्या बाळाने लाथ मारली असावी, कारण तिने ओठ दाबून तिथे हात धरला. हेमांगीचा हात अर्ध्यावर जाऊन थांबला. ईशानीने तो धरला नाही, ढकललाही नाही.

"हे नेम तू माझ्यासाठी करू नकोस," ती जरा वेळाने म्हणाली. "तुझ्यासाठी कर. तुला आवडतात म्हणून कर. माझ्या बाळाच्या पाठीवर ते ओझं नको."

हेमांगीला हे लागलं. चाळीस वर्षांच्या नेमांना कुणी असं हात लावला नव्हता. ती म्हणाली, मला तसं करता येतं का ते बघते. लगेच जमेल असं नाही. मग तिच्याही नकळत तिचा स्वर कडक झाला. तुला वाटतं तितकं ते माझ्या हातात नाही, ती म्हणाली, आई झालीस की कळेल. हे वाक्य तोंडातून गेल्यावर तिला वाटलं की जीभ तोडून टाकावी.

ईशानी कठड्याला धरून उठली. तिचा चेहरा लाल झाला होता, लहानपणी पाटी फोडल्यावर होई तसा. दाराशी जाऊन ती थांबली.

"मला आत्ता बोलायचं नाही," ती पाठमोरीच म्हणाली. "उद्या बोलू."

दार लागलं. आत तिची पावलं वाजली, नळ वाहिला, थांबला, पलंग करकरला.

हेमांगी पायरीवर तशीच बसून राहिली. खाडीवर काळोख उतरत होता, सावकाश, थोडा थोडा. उद्या पहिलं काय बोलायचं ते तिला सुचत नव्हतं. पण दोन वर्षांत लेकीने तिला उद्या म्हटलं नव्हतं. म्हणायची सोयच नव्हती. तिने तो शब्द मनातल्या मनात पुन्हा एकदा उच्चारून पाहिला. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, आत गेली आणि ईशानीच्या खोलीबाहेरचा दिवा, तिला डोळ्यावर येतो म्हणून, मालवला.